तहानेचा तह

श्री. मातीस वंदन, उन्हास वंदन, आणि ज्या पाण्याने जीव तगतो व ज्या पाण्याने जीव जातो त्या उभय पाण्यांस दुरून वंदन करून हकीकत लिहिण्यात येते ऐशी जे, शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी आरंभ जाहला आणि पुढील संवत्सराच्या चैत्रात शेवट जाहला. पुसणारे पुसतात की पश्चिमेचा सज्जा इतकी वर्षे उघडा होता तो काचबंद कैसा जाहला, आणि थोरल्या आईसाहेबांनी तो आपल्या मुखे हुकूम देऊन कैसा सोडिला. तर ते वर्तमान जैसे घडले तैसे लिहिले असे. पदरचे काही घातले नाही.

ते राज्य, म्हणजे आईसाहेबांचे घर, पूर्वी भुईवर होते. विहीर होती, परसू होते, केळीचे बन होते, आणि याच आईसाहेब, नाव भिवराबाई, त्या राज्यात सून होऊन आल्या त्या दिवशी त्यांच्या सासूबाईंनी हळदीच्या हातानेच त्यांस परसात नेले आणि सांगितले, "मुली, या घरात झाडं तहानलेली ठेवून कोणी पाणी पीत नाही. आधी त्यांच्या मुळाशी, मग आपल्या ओठाशी. तू आधी प्यायलीस तर मला कळायचं नाही, पण झाडाला कळेल." हा नेम आईसाहेबांनी तेव्हा घेतला तो मग सोडिला नाही. तापात पडल्या तरी सोडिला नाही, आणि बाळंतिणीच्या खोलीतून उठवेना तेव्हा दासी परसात पाणी घाली आणि खिडकीशी येऊन "घातलं हो" ऐसे ओरडे आणि मग आईसाहेब घोट घेत. त्यांच्या हातास ऐसे यश होते की वाळकी काटकी टोचिली तरी पालवी फुटे, आणि आसपासच्या मुलखातील बायका रोपे मागावयास येत व कौतुक करून जात. मग काळ फिरला आणि विहीर बुजली आणि त्या जागी उंच इमारत उठली, आणि ते राज्य भुईवरून उचलून सातव्या मजल्यावर नेऊन ठेविले गेले, जेथे जावयास लोखंडाची पालखी दोरावर वरखाली करते आणि भोई कोठे दिसत नाहीत. दिवाणखाना राहिला, मुदपाकखाना राहिला, निजावयाचे दोन महाल राहिले, आणि जमिनीच्या नावे एक पश्चिमेचा सज्जा तेवढा राहिला. तो आईसाहेबांचा प्रांत. बाकी सर्व कारभार चिरंजीव उपेंद्रराव आणि सूनबाई शर्मिलाबाई पाहत, आणि आईसाहेब त्यात बोट घालीत नसत, म्हणजे घालीत, परंतु कोणी ऐकत नसे.

आता त्या प्रांतावर कबुतरांची पुंडाई फार आणि दुपारचे ऊन भट्टीचे. जास्वंद नेली ती गेली, मोगरा नेला तो गेला, कर्दळीने तर पहिल्याच उन्हाळ्यात मान टाकिली. एक तुळस तेवढी राहिली, आणि आईसाहेब रोज सकाळी स्नान करून तिला तांब्याभर पाणी घालीत आणि मग चहाचा घोट घेत. उपेंद्रराव दूरदेशीच्या सरकारची चाकरी घरबसल्या करीत, दिवसभर कानास यंत्र लावून पडद्याशी बोलत, आणि त्यांस स्वतंत्र कचेरीस जागा नव्हती. ते मार्गशीर्षातील एका सकाळी अदबीने उभे राहून बोलिले, "आईसाहेब, राग मानू नये. पण सज्ज्यात आता आहे काय? कबुतरं आणि त्यांची घाण. आम्ही तिथे काचा बसवून कचेरी थाटावी म्हणतो. तुळस आतून खिडकीशी राहील, तिला कोण हलवतंय?" आईसाहेब म्हणाल्या, "आज कचेरी थाटा, उद्या आमचं अंथरूण हलवा." "तसं कुठे म्हटलं आम्ही?" "म्हणायची वाट पाहत बसणारी माणसं वेगळी. आम्हाला आधी ऐकू येतं." मग उपेंद्ररावांनी एक वाक्य उच्चारिले, ते न उच्चारिते तर हे लिहिण्याचा प्रसंग न येता. ते म्हणाले, "आईसाहेब, तुमच्या हातून तिथे आता काही जगत नाही." आईसाहेबांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिले, आणि तो हात पदराखाली घेतला.

शर्मिलाबाई मनाच्या वाईट नव्हेत. त्यांनी मध्ये पडून मसलत काढिली की, रोपबाजारात हल्ली चिमुकली मांसल पानांची रोपे मिळतात, त्यांस पसारा नाही, ऊन सोसते, आणि लोक म्हणतात की दुर्लक्ष केले तरी जगतात. आईसाहेब म्हणाल्या, "दुर्लक्षावर जगतात? मग आमच्या लक्षावर तर रान माजवतील." आणि त्याच बैठकीत तह जाहला. कलम एवढेच, की नवी आणलेली रोपे पुढील पाडव्यास पाहावी. त्यांतील एक जरी जिवंत दिसले तरी सज्जा आईसाहेबांच्या हयातीत उघडा राहील, आणि एकही न दिसले तर काचा बसतील आणि आईसाहेब त्यावर शब्द काढणार नाहीत. उपेंद्ररावांनी तुळशीच्या कुंडीस हात लावून मान्य केले आणि आईसाहेबांनीही हात लाविला. सज्जा वावभर, म्हणजे पसरल्या हातांएवढा, रुंद आणि चार पावले लांब. परंतु आभाळाखाली उभे राहावयाची आईसाहेबांस तेवढीच जागा उरली होती, हे उपेंद्ररावांच्या ध्यानी आले नाही आणि आईसाहेबांनी सांगितले नाही.

मग सासूसून रोपबाजारी गेल्या. तेथे हिरव्या जाळीखाली फळ्यांवर प्लास्टिकच्या डबीएवढ्या कुंड्या ओळीने मांडिल्या होत्या, आणि विकणारा पोरसवदा नव्हे, चांगला मिशीवाला गृहस्थ, गिऱ्हाइकांच्या गर्दीत उभा होता. आईसाहेबांनी एकीवर बोट ठेवून पुसिले, "याचं नाव काय?" तो म्हणाला, "सक्युलंट." "आणि याचं?" "तेही सक्युलंट, आजी." "आणि ते माळेसारखं लोंबतं ते?" "सगळी सक्युलंटच हो." आईसाहेब म्हणाल्या, "एका बापाने सगळ्या लेकरांना एकच नाव ठेवलं, तर हाक मारल्यावर सगळी येतील की एकही नाही?" तो म्हणाला, "मारून बघा, आजी. एकही यायचं नाही." शर्मिलाबाईंनी तोंडास पदर लाविला. मग आईसाहेबांनी पुसिले की पाण्याचे मान काय, आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळता वळता म्हणाला, "पाणी कमी." आणि आईसाहेबांनी पुन्हा पुसिले की कमी म्हणजे किती, आणि तो म्हणाला, "कमी म्हणजे कमी." या एका शब्दात पुढील सर्व अनर्थ होता. त्याच्या मनी कमी वेळा, आणि आईसाहेबांच्या मनी कमी माप. ज्यांच्या घरी रोज पाणी घातल्यावाचून कोणी ओठ ओला करीत नाही त्यांस रोजचे पाणी हे सूर्य उगवण्याजैसे, ते कमी वेळा कैसे होईल? तेव्हा त्यांनी मनात योजिले की तुळशीस तांब्या, आणि यांस देवपूजेतील पळी.

पाच कुंड्या आल्या. सक्युलंट या नावाने कोणास हाक मारणे आईसाहेबांस रुचेना, म्हणोन त्यांनी सज्ज्यात पाट मांडून, कुंकवाचे बोट लावून पाचांचे बारसे केले. एकीची पाने दगडी कमळाजैसी गोल रचिलेली, तिचे नाव कमळजा. एकाच्या हिरव्या टोकदार पानांवर पांढरे पट्टे, तो वाघोजी. एक हिरव्या मण्यांची सर कुंडीबाहेर लोंबत होती, ती मोतीबाई. एकाचे खोड आखूड आणि पाने गालाजैसी फुगीर, तो जाडोबा. पाचव्या कुंडीपाशी बोट थांबले. तेथे रोपच नव्हते. वाळू होती, आणि वाळूत दोन करडे खडे एकमेकांस चिकटून बसले होते. कामवाली कोंडाबाई, जी हे राज्य भुईवर होते तेव्हापासून चाकरीस होती आणि जिच्या तोंडास लगाम नव्हता, ती वाकून म्हणाली, "आवो आईसाब, ह्यात झाडच न्हाई. दगडं ठिवल्यात दोन. तुमास्नी चांगलं गंडवलं की मिशीवाल्यानं!" शर्मिलाबाई म्हणाल्या की आपणच गडबडीत उचलली असेल, बदलून आणू. आईसाहेब म्हणाल्या, "राहू दे. फसलेलं माणूस पुन्हा त्याच दारी जात नाही. आणि दगडाला आम्ही नाव ठेवीत नाही." ऐसे बोलून ती कुंडी कठड्याच्या कोपऱ्यास सारिली, आणि त्या दिवसापासून तिजकडे कोणी पाहिले नाही.

पुढे रोज सकाळी तुळशीस तांब्या, चौघांस पळीपळी, आणि मग चहा. पौष लागला, थंडी पडली, आणि पहिली मोतीबाई गेली. तिचे मणी आधी निस्तेज जाहले, मग बोट लागताच द्राक्षाजैसे फुटू लागले आणि सर गळून पडली. आईसाहेबांनी पाहिले की पाने मऊ पडली, आणि उभ्या जन्मात त्यांनी मऊ पडलेल्या पानास एकच औषध दिले होते, ते दिले. दोन पळ्या केल्या. मग कमळजेची खालची पाने पाण्यात भिजलेल्या काचेजैसी आरपार दिसू लागली आणि एकेक पान सुटू लागले. आईसाहेबांनी सकाळी दोन आणि सायंकाळी एक ऐशा पळ्या केल्या, आणि पोटच्या पोरास भरवावे तैसे तिच्या मुळाशी हळूहळू सोडीत म्हणत, "पी गं, पी. तुझ्या पाठीशी आम्ही आहोत." आणि ती प्याली आणि मेली. वाघोजीची गोष्ट निराळी. कोंडाबाईस तव्याचा चटका बसला आणि तिने कोरफड समजोन त्याची तीन पाने कापिली. शर्मिलाबाई धावत येऊन म्हणाल्या, "अगं, काय केलंस हे!" आणि ती हाताकडे पाहत म्हणाली, "कोरफड ती कसली, वहिनीसाब! रस म्हनून न्हाई हिच्यात. मिशीवाल्यानं ह्यातबी गंडवलं." आईसाहेबांनी तिला तोंडभरून बोल लाविले आणि जखमी वाघोजीस अधिक पाणी दिले, आणि माघात एके दिवशी तो कुंडीतून उचलताच मुळांवाचून हाती आला. जाडोबा सर्वांत टिकला. आईसाहेबांची सर्व भिस्त त्याजवर होती. उपेंद्रराव सज्ज्याच्या दाराशी येऊन पाहून जात आणि काही बोलत नसत, आणि ते न बोलणे आईसाहेबांस फार लागे. मग जाडोबाचे खोड बुडाशी काळे पडले, आणि तो एके सकाळी, आईसाहेब पळी घेऊन समोर उभ्या असता, आपल्याच पानांच्या भाराने आडवा जाहला.

ते वर्तमान ऐकून शर्मिलाबाई आल्या आणि त्यांनी आपल्या मोबाईलवर पुष्कळ वाचिले आणि मग आईसाहेबांजवळ पाटावर बसून हात धरून म्हणाल्या, "आईसाहेब, ऐकून घ्यावं. ती तहानेने गेली नाहीत. ती पाण्याने गेली." आईसाहेब म्हणाल्या, "पाण्याने कोणी मरतं का?" "ही मरतात. ही पानांत पाणी साठवून ठेवतात. माती ठणठणीत वाळेपर्यंत थेंबही द्यायचा नाही. थंडीत तर महिना महिना नाही." आईसाहेबांनी पुन्हा पुसिले, "म्हणजे आम्ही दिलं म्हणून मेली?" आणि सूनबाईंनी त्यांचा हात अधिक घट्ट धरिला. जो शत्रू चाल करून येतो त्याशी लढता येते, आणि जो दुष्काळ पडतो तो सोसता येतो, परंतु ज्या पुण्याईवर सारा जन्म काढिला तीच विष होती ऐसे ज्यास कळते त्याने कोठे जावे? आईसाहेबांनी त्या दिवशी अन्न घेतले नाही. मान उभी ठेवून दिवाणखान्यात बसल्या आणि कोणी पुसिले तर म्हणत, "एकादशी आहे." एकादशी नव्हती.

आता तहाप्रमाणे सर्व संपले होते, केवळ पाडवा येणे बाकी. शर्मिलाबाईंनी रिकाम्या कुंड्या गोळा केल्या, त्यांत कोठे कोथिंबीर पेरावी म्हणोन, आणि कोपऱ्यातील दगडांची कुंडी उचलून ते खडे काढू गेल्या तो निघेनात. त्यांनी बोटाने दाबिले तो दगड थोडा दबला. त्यांनी वाळू उकरिली तो खाली मूळ होते. मग त्यांनी मोबाईलवर त्याचे चित्र काढून शोध केला आणि ओरडतच आत आल्या, "आईसाहेब! हा दगड नव्हे. हे रोप आहे. लिथॉप्स म्हणतात. दगडासारखं दिसतं म्हणजे जनावरांनी खाऊ नये. ही दोन त्याची पानं आहेत, आणि हे जिवंत आहे!" कोंडाबाई म्हणाली, "जनावरांनीच काय, आपुनबी फसलो की!" उपेंद्रराव कानाचे यंत्र काढून आले, आणि सर्वांस वाटले की आता आईसाहेबांच्या मुखी हसू येईल. परंतु आईसाहेबांचा वर्ण उतरला. त्या म्हणाल्या, "म्हणजे हे मार्गशीर्षापासून या घरात आहे." "होय." "आणि त्याला आम्ही एक थेंब दिला नाही." "म्हणूनच तर जगलं, आईसाहेब!" "आणि रोज चहा प्यालो." तेव्हा सर्वांस उमगले की सासूबाईंपासून चालत आलेला नेम, जो तापात मोडिला नाही आणि बाळंतपणात मोडिला नाही, तो या काही महिन्यांत रोज सकाळी मोडत होता, आणि ज्या एका जिवाच्या बाबतीत मोडिला तोच एक जिवंत राहिला. नेम पाळिला ते चार मेले.

दुसऱ्या सकाळी आईसाहेबांनी स्नान केले, तुळशीस तांब्या घातला, आणि त्या दगडी रोपापुढे पळी घेऊन उभ्या राहिल्या. पाणी घालावे तर ते मरते. न घालावे तर आपण पिऊ नये. मग त्यांनी पळी परत ठेविली आणि चहाचा पेला दूर सारिला, आणि दुपार जाहली तरी पाणी घेतले नाही. शर्मिलाबाईंनी विनविले. खालच्या मजल्यावरचे डॉक्टर आले आणि नाडी पाहून म्हणाले की या वयात मूत्रपिंडे ऐसे नखरे सोसणार नाहीत. आईसाहेब म्हणाल्या, "नखरे? तुमच्या औषधाला आम्ही कधी नखरे म्हटलं का?" उपेंद्रराव संतापले, "आईसाहेब, ही कुठली रीत? एका खड्यापायी जीव देणार?" त्या म्हणाल्या, "कालपर्यंत खडा होता. आज घरचा आहे. घरच्याला उपाशी ठेवून आम्ही जेवायचं कसं, ते तुम्ही सांगा. तुम्ही कारभारी आहात." सायंकाळ होत आली, आणि आईसाहेबांचे ओठ सुकले. तेव्हा शर्मिलाबाई रागाने आणि रडू येऊन एकदमच बोलिल्या, "देवाला तरी कुठे जेवू घालतो आपण? दाखवतोच ना नैवेद्य? ताट पुढे धरतो, पाणी फिरवतो, आणि मग आपणच जेवतो. देव उपाशी राहिला म्हणून कोणी रडतं का? यालाही पाणी दाखवा!" कोंडाबाई म्हणाली, "वहिनीसाब, पैल्यांदा तुमी शान्यावानी बोल्लात." आईसाहेबांनी सूनबाईंकडे पाहिले. मग उठोन सज्ज्यात गेल्या, पळीत पाणी घेतले, ते त्या रोपापुढे धरिले, भोवती एकदा फिरविले, डोळे मिटिले, आणि ते पाणी स्वतः प्याल्या. नेम वाचला. परंतु त्यांचे डोळे उघडले तेव्हा त्यात जय नव्हता, चोरी करून आलेल्याचे डोळे होते.

कारण देव तृप्त आहे म्हणोन त्यास दाखवून चालते. हा जीव तृप्त होता की नाही हे कोण सांगणार? फाल्गुन लागला आणि ऊन वाढले आणि ते रोप सुकू लागले. आधी त्याची तुकतुकी गेली, मग वरच्या अंगास सुरकुत्या पडल्या, मग दोन्ही पाने आत ओढिली जाऊन खारकेजैसी जाहली. शर्मिलाबाई मोबाईल पाहून सांगत की हे ऐसेच असते, आत नवी जोडी घडते आणि ती जुन्या जोडीतील पाणी पिऊन वाढते, या समयी तर थेंबही देऊ नये, दिला तर जुनी आणि नवी दोन्ही कुजतील. आईसाहेब म्हणत, "पुस्तकात असेल तसं. आम्हाला समोर दिसतंय ते एवढंच, की एकजण वाळतोय आणि आम्ही रोज त्याच्या तोंडापुढे पाणी नाचवून स्वतः पितोय." कोंडाबाई एकदा झाडता झाडता म्हणाली, "आईसाब, ह्ये पार तुमच्यावानी दिसाय लागलं की वो." एरवी आईसाहेब तिची चामडी लोळविल्यावाचून न राहत्या. त्या दिवशी "हो" एवढेच म्हणाल्या. पुढे त्या रोपाकडे न पाहता पाणी दाखवू लागल्या, तोंड फिरवून, आणि चहा घशाखाली उतरेनासा जाहला, आणि परसातल्या त्या केळी, ती जास्वंद, ज्यांस सारा जन्म पाजिले ती सर्व रांगेने उभी राहून पाहत आहेत ऐसे त्यांस दिवसाउजेडी भासे.

मग संवत्सर पालटले आणि पाडवा आला. सज्ज्याच्या कठड्यास गुढी उभारिली, कडुनिंब वाटिला, आणि पूजा होताच उपेंद्रराव, शर्मिलाबाई आणि कोंडाबाई त्या कुंडीभोवती जमली. वाळूत एक तपकिरी, कागदाजैसी वाळलेली खपली होती. उपेंद्ररावांनी नख लाविले, सालपट कुरकुरले. शर्मिलाबाई घाईने म्हणाल्या, "अजून सांगता येत नाही. थोडे दिवस थांबावं. आत नवं असेल." उपेंद्ररावांनी आईसाहेबांकडे पाहिले. आईसाहेब भिंतीस टेकल्या नव्हत्या, परंतु टेकावयास भिंत कोठे आहे हे हाताने चाचपीत होत्या. पुत्राचे मन द्रवले आणि ते म्हणाले, "आईसाहेब, राहू द्या. काचेचं पुढल्या वर्षी बघू. आम्ही कुठेही बसून काम करू." ते शब्द मनापासून होते. आईसाहेबांनी मान उचलिली. "तह कशाचा होता?" "जाऊ द्या हो आता." "कशाचा होता ते सांगा." "एक जरी जिवंत दिसलं तरी." "दिसतंय?" उपेंद्ररावांनी नखातले सालपट झटकिले. "मग काचवाल्याला माप घ्यायला बोलवा. दिवस चांगला आहे." "आईसाहेब, मी देतोय ना सज्जा!" "तोच तर प्रश्न आहे. काल तो आमचा होता. आज तुम्ही देताय. भिक्षेचा प्रांत आम्हाला नको. आणि दुसरं असं, की आमच्या राज्यात आजवर कोणी तहानेने मेलं नव्हतं. त्याचा दंड कोणीतरी भरायला हवा." ऐसे बोलून त्यांनी गुढीच्या काठीस एकदा हात लाविला आणि आत गेल्या.

परंतु त्या दुपारी, सर्व जेवून आडवे जाहल्यावर, त्या पुन्हा सज्ज्यात आल्या. देवघरातील गंगेच्या गडूतून पळीभर पाणी आणि तुळशीचे एक पान घेऊन आल्या. कारण जाणाऱ्याच्या मुखी शेवटचे पाणी घालावे ही रीत सर्वांस ठाऊक आहे, शत्रूसही ते नाकारीत नाहीत. त्या कुंडीजवळ बसल्या आणि पळी कलती केली, आणि थेंब पळीच्या ओठाशी आला, आणि तेथेच हात थांबला. मेले असेल तर हे पाणी त्याचे देणे. आणि मेले नसेल तर? सूनबाईंचे बोलणे खरे असेल आणि आत काही धुगधुगत असेल, तर याच पाण्याने ते कुजेल, आणि पाचवेही त्यांच्याच हाताने जाईल. ऊन कलले, गुढीची सावली कठडा ओलांडून गेली, आणि आईसाहेबांचा हात तसाच. मग त्यांनी ती पळी तुळशीत रिती केली आणि पदराने डोळे पुसून त्या खपलीस म्हणाल्या, "नाही देत. मेला असशील तर शाप दे." आजवर त्यांनी पुष्कळ कठोर गोष्टी केल्या होत्या, भाऊबंदांस दारातून परतविले, परंतु याहून कठोर गोष्ट त्यांच्या हातून जाहली नव्हती आणि ती पाहावयास तेथे कोणी नव्हते.

काचवाले आले आणि चौकटी ठोकिल्या आणि काचा बसल्या. कबुतरे बाहेरून येऊन आदळली आणि मग येईनाशी जाहली. वारा बंद जाहला. उपेंद्ररावांचे मेज लागले, तुळस खिडकीशी राहिली, आणि ती कुंडी टाकून द्यावी ऐसे कोणास म्हणवेना म्हणोन तीही तिच्याजवळ राहिली, आणि आईसाहेब तोंड फिरवून तिला पाणी दाखवीतच राहिल्या, कारण कुंडी घरात असेतो नेम सुटत नव्हता. चैत्राचा वद्य पक्ष लागला तेव्हा एके सकाळी पडद्याशी बोलता बोलता उपेंद्रराव थांबले आणि यंत्र फेकून ओरडिले, "आईसाहेब! अहो, इकडे या!" त्या वाळल्या सालपटास मधोमध चीर गेली होती, आणि चिरेतून नवी जोडी वर आली होती, हिरवट करडी, गुळगुळीत, लहान मुलाच्या मुठीजैसी टणक. शर्मिलाबाई टाळ्या पिटू लागल्या आणि कोंडाबाई म्हणाली, "ह्यात मिशीवाल्यानं न्हाई गंडवलं बगा." उपेंद्ररावांनी आईसाहेबांचे पाय धरिले. "तह तुम्हीच जिंकला होतात. पाडव्याला हे जिवंत होतं. उद्याच काचा उतरवतो, सज्जा तुमचा." आईसाहेब वाकून ते रोप फार वेळ पाहत राहिल्या. मग शर्मिलाबाईंस पुसिले, "पावसाळ्यात याला काय लागतं?" शर्मिलाबाई वाचून म्हणाल्या, "आडोसा. पावसाचा शिंतोडाही नको. काचेमागचं ऊन याला फार मानवतं." "आणि पाणी?" "आता जुनी पानं पार सुकेपर्यंत नाही. मग क्वचित." "आणि काही? खत? हात?" "काही नाही, आईसाहेब. याला काही लागतच नाही." आईसाहेब सरळ उभ्या राहिल्या आणि उपेंद्ररावांस म्हणाल्या, "काचा राहू द्या. आपलं काम करा." उपेंद्रराव म्हणाले, "आणि तुम्ही?" आईसाहेबांनी पळी हाती घेतली. पळीतले पाणी त्या नव्या जोडीपुढे धरिले, या खेपेस तोंड न फिरविता, आणि तिने मागितले नाही, आणि आईसाहेब ते प्याल्या.

इत्यर्थ हा की पाच आली, चार मायेने गेली, आणि एक दगड समजल्याने उरले. सज्जा कचेरीकडे वर्ग जाहला. नेम चालू आहे, मोडिला ऐसे कोणास म्हणता येणार नाही. आईसाहेबांच्या राज्यात आता एक प्रजाजन आहे, तो सुखी आहे, आणि त्यास त्यांचे काही नको. याहून अधिक लिहावे ऐसे त्या राज्यात पुढे काही घडले नाही.